तिसरी पिन

"काका, जोडू?"

"थांब. डावा हात कुठंय?"

"खिशात."

"आणि जनरेटर?"

"बंद. तुम्हीच आत्ता बंद केलात की! आवाज येतोय का?"

"आवाज नाही म्हणजे वीज नाही, असं कुणी सांगितलं तुला? मीटर लाव. शून्य बघ. मग हात घाल."

पुतणीनं ऐकू जाईल एवढा मोठा सुस्कारा सोडला, पण मीटर लावला. शून्य आलं. 'झालं समाधान?' अशा नजरेनं तिनं काकांकडं पाहिलं आणि एका हातानं, डावा हात खिशातच ठेवून, तीन वायरी तीन जागी कसल्या. प्रत्येक वायरीत एक छोटा फ्यूज होता. तोही तिनं काकांना दिसेल असा फिरवून दाखवला.

"आता लॉगरच्या प्लगची तिसरी पिन बघ."

"तुम्ही लावलाय ना तो?"

"मग?"

"मग कशाला बघू?"

"कुणीही लावलेला असला तरी बघायची."

"कुणीही वेगळं आणि तुम्ही वेगळे," असं म्हणून ती विजेची नोंद ठेवणाऱ्या लॉगरपाशी जाऊन बसली.

दीड वर्षात हे संभाषण किती वेळा झालं असेल, त्याला मोजदाद नव्हती. दर वेळी ते ऐकून काकांना आत कुठंतरी ऊब लागे, आणि त्याच जागी काहीतरी टोचेही.

जनरेटर दुरुस्तीचा कारखाना होता तो. पुढच्या शेडमध्ये इंजिनं उघडायची, मधल्या शेडमध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळायची आणि मागं ही चाचणीची खोली. काका इथले सगळ्यात जुने. पूर्वी त्यांना सगळे 'धाकटे' म्हणत, कारण त्यांचा थोरला भाऊ याच कारखान्यात होता. मग थोरल्याची मुलगी इंजिनियर होऊन इथंच लागली, तिनं पहिल्याच दिवशी शेडभर ऐकू जाईल असं "काका" म्हणून हाक मारली, आणि फाटकावरच्या रखवालदारापासून साहेबांपर्यंत सगळ्यांचे ते काका झाले. रखवालदार तर त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा होता.

आज खोलीत उभा होता तो एका दवाखान्याचा जनरेटर. दुखणं विचित्र होतं. शस्त्रक्रियेच्या खोलीतले दिवे लागले की पापणी लवते तेवढ्यात व्होल्टेज खाली बसायचं आणि पुन्हा उभं राहायचं. मीटरला ते पकडता येत नव्हतं. म्हणून लॉगर लावायचा. तो सेकंदाला हजारदा बघतो आणि पाहिलेलं विसरत नाही. पण जनरेटरमधून येतात चारशे पंधरा व्होल्ट, आणि लॉगरच्या घशाखाली दहाच्या वर उतरत नाहीत. तुडुंब कालवा आणि चमच्यानं पिणारं तान्हं. दोघांच्या मधे मुठीएवढा एक ट्रान्सफॉर्मर ठेवावा लागतो. त्याच्या पोटात तारेची दोन वेटोळी असतात, शेजारी शेजारी, पण एकाचा दुसऱ्याला स्पर्श नाही. इकडून चारशे गेले की तिकडून पाच निघतात. निरोप पोचतो, आग पोचत नाही. पुतणीला हे काकांनी पहिल्या आठवड्यात असंच सांगितलं होतं, आणि ती म्हणाली होती, "चार वर्षं कॉलेजात शिकले ते तुम्ही एका ओळीत संपवलंत."

आज दोन तास आलेख काढल्यावर चहा आला. पुतणीनं पिशवीतून एक कागद काढला.

"साहेबांनी तक्ता करायला सांगितलाय. या खोलीत लावायला. काय करायचं, काय नाही करायचं. उद्या दुपारी छापायला जाणार. बघा ना एकदा."

काकांनी चष्मा लावला. हातांबद्दल, फ्यूजबद्दल, मधल्या ट्रान्सफॉर्मरबद्दल सगळं नीट लिहिलं होतं. त्यांचेच शब्द होते, जरा इस्त्री केलेले. शेवटी एक चौकट होती.

'उदाहरण : तेवीस वर्षांपूर्वी याच खोलीत एका कामगाराने घाईच्या भरात अर्थिंगच्या पिनेला स्वतःच चिकटपट्टी गुंडाळली. यंत्राच्या पेटीत वीज उतरली आणि तो कायमचा जायबंदी झाला.'

"नाव नाही टाकलं," पुतणी म्हणाली. "पण कळायचं त्याला कळेलच. आईला विचारलं. ती म्हणाली, टाक. त्यांचा धांदरटपणा कुणाच्या तरी कामी येऊ दे."

काकांनी कागद खाली ठेवला. चहाचा कप उचलला आणि न पिता परत ठेवला.

"आणि हे बघा, फोटोला काय मिळालं." तिनं रुमालात बांधलेली एक वस्तू सोडली. "बाबांच्या अवजारांच्या डब्यात होतं. अगदी तळाशी."

जुना, काळा, तीन पिनांचा प्लग होता तो. एका बाजूनं थोडा वितळलेला. वरच्या जाड पिनेभोवती चिकटपट्टीचे तीन वेढे होते. पांढरी पट्टी. आता दातासारखी पिवळट पडलेली.

"एक कळत नाही," पुतणी पट्टीवर नख फिरवत म्हणाली. "बाबा तर कायम काळी कापडी पट्टीच वापरायचे ना? घरात एकही पांढरी पट्टी मी पाहिली नाही कधी. मग ही कुठून?"

आठ महिन्यांपूर्वी दादा, त्यांचा थोरला भाऊ, गेला तेव्हा काकांना वाटलं होतं, की आता हे विचारणारं कुणी उरलं नाही. त्या वाटण्याची त्यांना लाज वाटली होती. आणि आता समोर त्याचीच मुलगी, त्याच्यासारखंच डोकं एका बाजूला कलवून.

"काळी संपली असेल तेव्हा स्टोअरात," काका म्हणाले.

"हां, असेल." तिनं प्लग परत रुमालात बांधला. लगेच पटलं तिला. काकांनी सांगितलेलं तिला नेहमीच लगेच पटायचं.

तेवीस वर्षांपूर्वी काका कुणाचेच काका झाले नव्हते, म्हणजे पुतणी होती, पण तिला अजून काका म्हणता येत नव्हतं, 'ताता' म्हणायची. तेव्हा तो नुसता धाकटा होता. हातानं चपळ आणि तोंडानं त्याहून चपळ. दादा मधल्या शेडमध्ये वेटोळी गुंडाळायचा. त्याच्यासारखा हात त्या वेळी दुसऱ्या कुणाचा नव्हता. तारेला तार अशी लागायची की मधून वाऱ्यानं जायचं म्हटलं तर त्यानं वाट विचारावी. वेढे मोजताना तो स्वतःच रचलेलं काहीतरी गुणगुणायचा :

पहिला गं वेढा, तांब्याच्या तारे, नीज सरळ
दुसरा गं वेढा, बहिणीच्या कुशीला बहीण जवळ
तिसऱ्या वेढ्याला थांब गं बाई, बघ मागं वळून
घाईनं गेली ती वाट नाही येत परतून

आणि खरोखरच तो दर तिसऱ्या वेढ्याला थांबायचा, अंगठा फिरवून बघायचा.

कारखान्यात आलेख काढणारा नवाकोरा रेकॉर्डर आला होता. लोखंडी पेटीचा, हिरव्या पडद्याचा. धाकट्यानं साहेबांपुढं छाती काढून सांगून टाकलं, की संध्याकाळच्या आत जनरेटरचा आलेख काढून दाखवतो. मधे ठेवायचा ट्रान्सफॉर्मर आलेला नव्हता. त्यानं वीज अडवणाऱ्या रेझिस्टन्सची एक माळ केली आणि चारशेचे पाच केले. आकडा खाली आला. पण माळ ती माळ, दोन्ही बाजू तारेनं एकमेकींना बांधलेल्याच. रेकॉर्डरची एक वायर आतून पेटीला जोडलेली, पेटी प्लगच्या तिसऱ्या पिनेला आणि पिन जमिनीला. जनरेटरला लावलं की वीज थेट जमिनीकडं धाव घ्यायची आणि फ्यूज उडायचा. एकदा उडाला. दुसऱ्यांदा उडाला.

"अरे राजा," दादा दारातून म्हणाला होता, "फ्यूज काहीतरी सांगतोय तुला. ऐक की त्याचं. उद्या ट्रान्सफॉर्मर येतोय, तो मधे टाकू. एक दिवस थांबलास तर काय आकाश कोसळतंय?"

तो परत वेटोळ्यांकडं गेला. धाकट्याच्या खिशात पांढऱ्या पट्टीचं नवं भेंडोळं होतं. त्यानं तिसऱ्या पिनेला वेढे दिले. एक. दोन. तीन. हसत हसत दादाचंच गाणं म्हणत दिले. आता पेटीचा जमिनीशी संबंध उरला नाही. फ्यूज उडाला नाही. हिरव्या पडद्यावर लाट उठली, अशी देखणी की त्याला नाचावंसं वाटलं.

पेटी आता जिवंत झाली आहे, तिच्यात वीज उतरली आहे, हे त्याला माहीत होतं. न कळून झालेली चूक नव्हती ती. 'पेटीला हात लावू नको' हे चार शब्द तोंडात तयार होते. पण त्याच्या आधी दुसरे तीन शब्द बाहेर पडले.

"दादा, ये बघ!"

दादा हात पुसत आला. डावा हात जनरेटरच्या लोखंडावर टेकला आणि वाकून बघण्यासाठी उजवा तळवा पेटीवर ठेवला. वीज एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघाली.

जनरेटर बंद करायचं बटण दाबायला धाकट्याला किती वेळ लागला? साहेबांनी नंतर विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "लगेच." लॉगर असता तर त्यानं नेमकं सांगितलं असतं.

दादा वाचला. उजव्या तळव्याची कातडी गेली, दोन बोटं आत वळली ती वळलीच. दवाखान्यात साहेबांनी खाटेशी उभं राहून विचारलं, "पट्टी कुणी लावली होती?" धाकटा खिडकीपाशी होता. दादानं त्याच्याकडं पाहिलं. फार वेळ नाही; तारेवरून अंगठा फिरवावा तेवढंच. मग छताकडं बघत म्हणाला, "मीच असेन. नीट आठवत नाही."

'असेन' म्हणाला. 'होतो' नाही. तो शब्द धाकट्यानं तेवीस वर्षं उलटून पालटून पाहिला. दादाला खरंच आठवत नव्हतं, की आठवत होतं? पुढं दादाला स्टोअरात बसवलं. डाव्या हातानं तो नट, बोल्ट, वायरी मोजून द्यायचा. काय मागवायचं ते तोच ठरवायचा. त्या स्टोअरात पुन्हा कधी पांढरी पट्टी आली नाही. रोज चार वाजता दोघं भाऊ तिथल्या लाकडी पेट्यांवर बसून चहा प्यायचे. पावसापाण्याचं, मुलीच्या शाळेचं, साहेबांच्या टकलाचं सगळं बोलणं व्हायचं. तेवढं एक राहून जायचं.

आज कारखाना सुटल्यावर काका वहिनींकडं गेले. बोलायचंच असं ठरवून गेले.

वहिनी दादाचे शर्ट घडी करून पिशवीत भरत होत्या. "बरं झालं आलात, भाऊजी. यातले दोन तुम्हाला होतील बघा. बाकीचे देऊन टाकते. किती दिवस कपाट अडवून ठेवायचं?"

त्यांनी एक निळा शर्ट काकांच्या खांद्याला लावून बघितला. "गळ्याशी घट्ट होईल. त्यांना वरचं बटण लावायची हौस फार, आणि लावता यायचं नाही. तेवीस वर्षं मी लावलं. भांडण झालेलं असलं तरी सकाळी गळा पुढं करून उभे! मग काय करणार, बटण लावताना रागावता येतं होय?"

काका शर्टाकडं बघत राहिले.

"आणि ते प्लगांचं वेड!" वहिनी हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसले. "इस्त्री असो, पंखा असो, प्लग लावायच्या आधी तिसऱ्या पिनेवरून अंगठा फिरवायचे. मी म्हणायची, स्वतः एकदा घोटाळा केलात म्हणून साऱ्या जगावर संशय का? तर नुसते हसायचे. काही म्हणून बोलायचे नाहीत."

"वहिनी," काका म्हणाले.

"काय हो?"

"काही नाही. दोन्ही शर्ट द्या."

दुसऱ्या दिवशी काका अर्धा तास आधीच आले. पुतणी आली तेव्हा ते स्टुलावर बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"आज डावा हात बाहेर कसा?" ती हसून म्हणाली.

"बस. ती चौकट बदलायला हवी."

"कुठली? बाबांची?"

"ती बाबांची नाही." काका तिच्याकडं बघून म्हणाले, "पट्टी मी लावली होती. काळी संपली नव्हती. पांढरी पट्टी माझ्या खिशात होती. दादा म्हणत होता थांब, मी थांबलो नाही. आणि मग मीच त्याला हाक मारली. बघायला ये म्हणून."

पुतणी उभीच राहिली. बाहेर कुणीतरी लोखंडी नळ टाकला, त्याचा आवाज शेडभर घरंगळत गेला.

"बाबांना माहीत होतं?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"विचारलं नाही मी."

"तेवीस वर्षं?"

"रोज चहाला भेटायचो गं," काका म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांना कळलं, की यापेक्षा वाईट उत्तर नव्हतं.

"आम्ही त्यांना हसायचो," ती हळूच म्हणाली. "प्लगवर अंगठा फिरवायला लागले की मी आणि आई एकमेकींकडं बघून हसायचो. धांदरट म्हणायचो. तुमच्यासमोरसुद्धा म्हणायचो. तुम्ही पण हसायचात, काका."

काकांनी मान खाली घातली. हो, हसायचे.

तिनं पिशवीतून कागद काढला, मेजावर पसरला, पेन्सिल घेतली. अक्षर नेहमीसारखंच नीट होतं. 'एका कामगाराने स्वतःच' हे शब्द तिनं खोडले.

"काय लिहू?"

"धाकट्या भावानं, असं लिही."

"तक्त्यावर नाती लिहीत नाहीत." तिनं थोडा विचार केला आणि लिहिलं : 'सहकाऱ्याने'. मग सगळी ओळ नव्यानं वाचून दाखवली, परक्या माणसाला दाखवावी तशी. "'सहकाऱ्याने घाईच्या भरात अर्थिंगच्या पिनेला चिकटपट्टी गुंडाळली. त्याच्यावर विश्वास ठेवून यंत्राला हात लावणारा कामगार कायमचा जायबंदी झाला.' बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"साहेबांना तुम्ही सांगाल की मी सांगू?"

"मी सांगतो. आत्ताच जातो."

"आणि आईला?"

"वहिनींनाही मीच."

तिनं मान हलवली. रुमालातला प्लग काढून मेजावर त्यांच्यासमोर ठेवला. "फोटो नको आता. तुमच्याकडंच राहू दे हा."

काकांनी तो उचलून खिशात टाकला.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. हातातलं पेन मिटलं, उघडलं. "आता यावर काय करायचं असतं, ते मलाही ठाऊक नाही, काका," एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

काका परत आले, तेव्हा दवाखान्याच्या जनरेटरची शेवटची चाचणी राहिली होती. दादानं ज्याला हात धरून शिकवलं होतं त्या कारागिरानं आतलं एक वेटोळं नव्यानं भरलं होतं. काकांनी मीटर लावला, शून्य पाहिलं, वायरी कसल्या, फ्यूज तपासले, मधला ट्रान्सफॉर्मर जागी ठेवला. लॉगरचा प्लग भिंतीत लावला. मग बाजूला होऊन म्हणाले, "झालं."

पुतणी लॉगरपाशी बसली नाही. ती भिंतीकडं गेली. काकांनी लावलेला प्लग तिनं ओढून काढला, उजेडाकडं धरला आणि तिसऱ्या पिनेवरून अंगठा फिरवला. खालून वर, मग चारी बाजूंनी. अगदी सावकाश. वडिलांची लकब होती ती. कुणी तिला शिकवलेली नव्हती, पण घरात रोज पाहिलेली.

मग तिनं प्लग परत लावला. काकांकडं न बघता वळली, खुर्चीवर बसली, डावा हात खिशात घातला.

'असंच बघायचं,' असं काकांच्या ओठांवर आलं होतं. दीड वर्ष ते हेच तर सांगत होते.

"चालू करा," ती म्हणाली.

जनरेटर गुरगुरला, धडधडला आणि एका सुराला लागला. पडद्यावर लाट उठली. भार टाकल्यावरही वाकली नाही, एकसारखी चालत राहिली. पुतणी आकडे मोठ्यानं वाचू लागली आणि काका वहीत लिहून घेऊ लागले. उजवा हात लिहीत होता. डावा सवयीनं खिशात गेला. तिथं तो जुना प्लग होता. अंगठा आपोआप तिसऱ्या पिनेवर गेला, आणि एक, दोन, तीन वेढ्यांवरून फिरून तिथंच थांबला.